'ट्विन पीक्स': तीस भागांतले कुठले जपून बघायचे, कुठले घाईत

आधी हिशेब. मूळ 'ट्विन पीक्स'चे भाग 30. पहिला भाग आणि दुसऱ्या सीझनचा पहिला भाग दीड-दीड तासांचे, बाकीचे पाऊण-पाऊण तासाचे. पहिल्या सीझनमध्ये 8 भाग, दुसऱ्यात 22. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 8 एप्रिल 1990ला मालिका सुरू झाली आणि 10 जून 1991ला शेवटचे दोन भाग एका रात्रीत दाखवून बंद झाली. चौदा महिने. आपल्याकडे तेवढ्या काळात मालिकेतल्या सुनेचं डोहाळजेवणसुद्धा धड आटोपत नाही.

या तीसपैकी पहिले सतरा भाग टीव्हीवर आलेल्या उत्तम कामात मोडतात, मधले सात भाग म्हणजे आमटीत ओतलेलं पाणी, आणि शेवटच्या सहांत मालिका पुन्हा उभी राहते. मधल्या सातांत कंटाळून सोडून देणारे खूप आहेत. त्यांचा शेवटचा भाग हुकतो, आणि तो हुकणं हे खरं नुकसान.

गोष्ट वॉशिंग्टन राज्यातल्या ट्विन पीक्स या काल्पनिक गावातली. कॅनडाची हद्द पाच मैलांवर, शेजारच्या राज्याची बारा मैलांवर. लाकडाची गिरणी, एक मोठं हॉटेल, एक कॅफे, एक शाळा आणि चहूकडे देवदाराची जातभाई असलेली उंच झाडं. 24 फेब्रुवारी 1989च्या सकाळी नदीकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रेत सापडतं. लॉरा पामर, वय सतरा, गावाची लाडकी मुलगी. तपासाला एफबीआयचा डेल कूपर येतो. गावाच्या वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या 51,201 लिहिलेली दिसते आणि इतक्या लहान गावात एवढी माणसं कुठे मावतात असा प्रश्न पडतो. निर्मात्यांच्या डोक्यात पाच हजारांचं गाव होतं. एवढ्याशा गावाची गोष्ट कोण बघणार, या वाहिनीच्या धास्तीपोटी आकडा फुगवला गेला. पाटीकडे दुर्लक्ष करा, गाव पाच हजारांचंच समजा.

बघायला बसण्यापूर्वी एक सापळा ओळखून ठेवा. पहिल्या भागाच्या दोन आवृत्त्या फिरतात. मूळ आवृत्ती साधारण 94 मिनिटांची आहे. लॉराची आई सोफ्यावरून दचकून उठते आणि किंचाळते, कुणीतरी जमिनीत पुरलेली साखळी उकरून काढलेली असते, तिथे ती संपते. दुसरी युरोपात व्हिडिओवर विकण्यासाठी केलेली. तिला वीसेक मिनिटांचं शेपूट जोडून गोष्ट तिथल्या तिथे गुंडाळलेली आहे, खुनीसुद्धा हजर. पुढच्या 29 भागांशी तो शेवट जुळत नाही, वर नको ते चेहरे नको त्या वेळी दिसतात. ओळखायची खूण सोपी: मिनिटं बघा. भाग पावणेदोन तासांच्या पुढे जात असेल तर चुकीचा आहे. 2001मध्ये अमेरिकेत आलेल्या पहिल्या सीझनच्या डीव्हीडी संचात हक्कांच्या भानगडीमुळे पहिला भागच नव्हता. जुना संच स्वस्तात मिळाला म्हणून कुणी घेतला तर गोष्ट थेट दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. 2007च्या सोनेरी पेटीत दोन्ही आवृत्त्या आहेत, 2014च्या ब्लू-रे संचातही आहेत. तिथे मेनूमधून नीट निवडावं लागतं.

त्याच संचांत प्रत्येक भागाआधी ओंडका कवटाळून बसलेल्या बाईंचं छोटं निवेदन लावायची सोय आहे. ही निवेदनं 1993च्या पुनःप्रक्षेपणासाठी नंतर केलेली. पहिल्यांदा बघताना बंद ठेवा. बाई गोड आहेत, पण जास्त सांगतात.

टीव्हीच्या सेटिंगचंही बघून घ्या. चित्र जुन्या चौकोनी आकाराचं आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. पडदा भरावा म्हणून 'झूम' केलं की कपाळं आणि हनुवट्या कापल्या जातात. 'स्ट्रेच' केलं की शेरीफ ट्रुमन आडवा होतो. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. फिल्मवर चित्रित केलेलं काम त्यात दुपारच्या मालिकेसारखं दिसायला लागतं. आणि आवाज शक्यतो हेडफोनवर ऐका. या मालिकेत पंख्याची घरघर, वाऱ्याचा घुं घुं आवाज, ट्यूबलाइटची गुणगुण यांना पात्रांइतकं काम दिलेलं आहे.

मालिकेची निम्मी ताकद पहिल्या भागात आहे. सहसा रहस्यकथेत प्रेत सापडलं की पुढच्या दृश्यात पोलीस प्रश्न विचारायला लागतात. इथे जवळपास पाऊण तास फक्त बातमी गावभर पोचते. लॉराची आई नवऱ्याला हॉटेलात फोन करते, पोरगी सकाळपासून दिसत नाही म्हणून. बोलता बोलता बापाला काचेपलीकडे शेरीफची गाडी दिसते. शेरीफ काही बोलायच्या आधीच त्याला कळतं. त्याच्या हातून रिसीव्हर सुटतो आणि कॅमेरा वेटोळ्यांच्या वायरीवरून हळूहळू खाली उतरतो. खाली लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधून आईचा आवाज येत राहतो, आधी हाका, मग आक्रोश. तिला कुणीही काहीही सांगितलेलं नसतं.

मग शाळा. वर्गात पोलीस येऊन बाईंच्या कानाशी लागतो. लॉराची मैत्रीण डॉना आधी त्याच्याकडे बघते, मग रिकाम्या बाकाकडे. खिडकीबाहेर एक मुलगी किंचाळत मैदानातून पळत जाते. ती कोण, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. मुख्याध्यापक ध्वनिक्षेपकावरून घोषणा करतात आणि मधेच रडू लागतात. कॅमेरा रिकाम्या व्हरांड्यातून सरकत बक्षिसांच्या कपाटातल्या लॉराच्या फोटोशी थांबतो. दिग्दर्शक डेव्हिड लिंच आणि लेखक मार्क फ्रॉस्ट यांनी इथेच गोष्टीचा पाया घातला: या गावात सगळे लॉराला ओळखत होते आणि कुणालाही ती ठाऊक नव्हती. खुनी कोण हे गळाला लावलेलं आमिष आहे. ते गिळून आत शिरल्यावर दिसतं ते सुतक.

पात्रं पन्नासच्या आसपास आहेत आणि पहिल्या दोन भागांत गोंधळ होतोच. कागदावर तीन गठ्ठे करून ठेवले तर सोपं जातं. एक पामरांचं घर आणि शाळेतली मुलं: डॉना, लॉराचा जाहीर मित्र बॉबी, चोरून असलेला मित्र जेम्स. दुसरा गठ्ठा गिरणी आणि हॉटेल: गिरणीची मालकीण जोसी, तिची नणंद कॅथरीन, कॅथरीनचा साधाभोळा नवरा पीट, आणि हॉटेलवाला बेन हॉर्न, ज्याला गिरणीची जमीन हवी आहे, ऑड्री ही त्याची मुलगी. तिसरा कॅफे: मालकीण नॉर्मा, वाढणारी शेली, शेलीचा मारकुटा ट्रकवाला नवरा लिओ. बॉबी लॉराचा मित्र असून शेलीकडे जातो. म्हणजे गठ्ठे एकमेकांत अडकलेले आहेत आणि तपास त्या गाठींवरूनच पुढे सरकतो. जवळजवळ प्रत्येक भाग म्हणजे गोष्टीतला एक दिवस. सबंध तीस भागांत गावात जेमतेम महिना उलटतो. हे लक्षात ठेवलं तर 'हा कालच तर रडत होता' असे धक्के नीट बसतात.

कूपरची पद्धत तिसऱ्या भागात कळते. लॉराच्या डायरीत शेवटच्या दिवशी 'जे' अक्षराच्या कुणालातरी भेटायचं असल्याची नोंद आहे. कूपर शेरीफच्या माणसांना जंगलात नेतो, 60 फूट 6 इंचांवर काचेची बाटली ठेवतो (बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा तेवढ्याच अंतरावर उभा असतो), फळ्यावर 'जे'ची सगळी नावं लिहिली जातात, आणि एकेक नाव वाचलं की कूपर एकेक दगड फेकतो. तिबेटविषयी पडलेल्या स्वप्नातून ही युक्ती आली, असं तो गंभीरपणे सांगतो. कुणीही हसत नाही. एक दगड उसळून हवालदार अँडीच्या कपाळावर बसतो. काइल मॅक्लॉक्लनचं या भूमिकेतलं यश इथे आहे: हा माणूस चेरीच्या 'पाय'वर (फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ), कॉफीवर आणि स्वप्नावर सारख्याच निष्ठेने विश्वास ठेवतो, आणि थोड्या वेळाने आपणही ठेवायला लागतो.

त्याच भागाच्या शेवटी लाल पडद्यांच्या खोलीचं स्वप्न येतं. तिथली माणसं विचित्र बोलतात, कारण नटांनी वाक्यं उलटी म्हटली, उलट्याच हालचाली केल्या आणि फिल्म उलटी चालवून ते पुन्हा सुलटं केलं. म्हणून शब्द कळतात आणि श्वास मात्र चुकीच्या जागी पडतात. सबटायटल पडद्यावरच आहेत, वेगळे लावायची गरज नाही.

अपघात पचवायची या लोकांची हातोटी जबरदस्त होती. पहिल्या भागात शवागारातली ट्यूबलाइट फडफडत होती, लिंचने ती तशीच राहू दिली. तिथला कर्मचारी खोलीबाहेर जायला सांगितल्यावर चुकून स्वतःचं नाव सांगतो. नटाला वाक्य नीट ऐकू आलं नव्हतं, तेही तसंच ठेवलं. सगळ्यात मोठा अपघात फ्रँक सिल्वाचा. हा सेट सजवणारा माणूस. लॉराच्या खोलीत सामान हलवताना लिंचला तो पलंगाआड दिसला आणि त्याचा एक शॉट घेऊन ठेवला गेला. त्याच दिवसांत आईच्या किंकाळीचा शॉट झाला, तर मागच्या आरशात हाच सिल्वा उमटलेला. लिंचने शॉट बाद केला नाही. मालिकेतला सर्वांत भीतिदायक चेहरा असा आला.

संगीत अँजेलो बादालामेंटीचं. लॉराची धून नीट ऐका. खाली काळोख्या सुरांत घुटमळते, मग पायरी पायरीने चढते, शिखरावर क्षणभर उजळते आणि घसरून पुन्हा खाली येते. लिंचने पियानोशेजारी बसून जंगल आणि त्यातून येणारी एकटी मुलगी वर्णन केली आणि बादालामेंटीने तिथल्या तिथे ती बांधली. तीच धून खऱ्या दुःखावरही वाजते आणि खोट्या प्रेमावरही, त्यामुळे हसावं की रडावं हे ठरत नाही. पहिल्या सीझनमध्ये गावकरी टीव्हीवर एक भडक कौटुंबिक मालिका बघत असतात आणि तिच्यातले प्रसंग गावातल्या भानगडींसारखेच असतात. ही चेष्टा दुसऱ्या सीझनमध्ये गायब झाली. स्वतःला हसायचं विसरल्याचा तो पहिला पुरावा म्हणायला हरकत नाही.

पहिला भाग साडेतीन कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. मग बिघडलं कुठे? पहिलं कारण, पहिला सीझन 23 मे 1990ला संपला तो कूपरला गोळ्या घालून, गिरणी पेटवून, आणि खुनी न सांगता. लोक भडकले. 30 सप्टेंबरला दुसरा सीझन उघडला तो असा: कूपर रक्ताच्या थारोळ्यात पडलाय आणि हॉटेलचा म्हातारा वेटर गरम दूध घेऊन आलाय. म्हातारा बिलावर सही घेतो, जातो, परत येऊन अंगठा दाखवतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. मिनिटांमागून मिनिटं हेच. चार महिने उत्तराची वाट बघितलेल्या माणसाला हा प्रसंग वैताग देणारच. ती घाई बाजूला ठेवून बघितलं तर सबंध मालिकेतला सर्वांत धाडसी विनोद हाच आहे.

दुसरं कारण, वाहिनीने मालिका शनिवारी रात्री दहाला हलवली. जी तरुण मंडळी ती बघत होती ती शनिवारी रात्री घरात कशी असणार? जानेवारी 1991मध्ये आखाती युद्धाच्या बातम्यांनी त्यातही भाग उडाले. सलग बघितल्याशिवाय न कळणाऱ्या गोष्टीचे आठवडे गळायला लागले की प्रेक्षक परत येत नाही.

तिसरं कारण सर्वांत खोल. वाहिनीच्या दबावामुळे 10 नोव्हेंबर 1990च्या भागात, म्हणजे दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागात, खुनी दाखवून टाकला. गुपित फुटू नये म्हणून तो प्रसंग वेगवेगळ्या नटांना खुनी करून पुन्हा पुन्हा चित्रित केला होता. भाग स्वतः लिंचने केलेला आणि तो हादरवून टाकतो. अत्याचाराचा तो प्रसंग लांबलचक आहे, मुलं घरात असताना लावू नका, आणि घरातल्या हिंसेचा अनुभव असलेल्यांनी आधी जाणून घेऊनच बसावं. नवव्या भागात तपास मिटतो. उत्तर भक्कम आहे, मागे पेरलेल्या खुणांशी जुळतं. 'हसणारी पिशवी' वगैरे कोडीसुद्धा चोख सुटतात. पण लॉरा गेल्यावर सगळ्या पात्रांना बांधणारा दोरा तुटतो. खुनी कधीच उघड करायचा नव्हता, असं लिंच पुढे वारंवार सांगत राहिला.

आता घाईत बघायचे भाग. दुसऱ्या सीझनचे 10 ते 16. जेम्स मोटरसायकलवरून गावाबाहेर जातो आणि श्रीमंत बाईच्या जाळ्यात सापडतो, ते पूर्ण गाळलं तरी पुढे काही अडत नाही. बेन हॉर्न स्वतःला यादवी युद्धातला सेनापती समजतो, तेही. नदीन ही गावातली मोठी बाई शाळकरी मुलगी बनून कुस्ती खेळते. एकदा हसू येतं, चारदा नाही. अँडी आणि एका अनाथ पोराचं उपकथानक म्हणजे शुद्ध दळण. मात्र काही धागे सोडू नका: दहाव्या भागाच्या शेवटी बॉबीचा बाप मेजर ब्रिग्ज जंगलात नाहीसा होतो तो प्रसंग, डेव्हिड डुकॉव्हनीने केलेली एजंट डेनिस, पूर्वी पुरुष म्हणून ओळखली जाणारी, जिला कूपर दोन वाक्यांत स्वीकारतो आणि कामाला लागतो, कूपरचा जुना जोडीदार विंडम अर्ल आणि त्याचा बुद्धिबळाचा डाव, आणि सोळाव्या भागातला जोसीचा शेवट, जो नीट समजत नाही आणि तरी विसरता येत नाही. कूपर आणि ऑड्री यांची रंगत चाललेली जवळीक सोडून दिल्यावर दोघांसाठी नवी माणसं आणावी लागली, ती जोडकामं शिवणीसकट दिसतात.

सतराव्यापासून वेग पुन्हा धरतो. बाविसाव्यासाठी लिंच परतला, लिहिलेल्या पटकथेतला मोठा भाग बाजूला ठेवला आणि लाल खोलीत मालिका नेऊन सोडली. टीव्हीवर असं काही त्याआधी आलं नव्हतं. शेवट मात्र कड्यावर लटकता आहे आणि तो 2017पर्यंत तसाच राहिला, हे माहीत असून बसा.

पुढचा क्रम: 1992चा 'फायर वॉक विथ मी' हा चित्रपट लॉराच्या शेवटच्या सात दिवसांचा आहे. काळाने आधीचा असला तरी तीस भागांनंतरच बघायचा, आधी बघितला तर सगळं रहस्य पहिल्याच रात्री संपतं. चित्रपट मालिकेपेक्षा खूप क्रूर आहे आणि शेरिल ली त्यात असामान्य आहे. मालिकेत जी फोटोतली मुलगी होती तिला इथे श्वास मिळतो. त्यातून कापलेले सुमारे दीड तासाचे प्रसंग 2014च्या संचात आहेत. 2017चे 18 भाग सबंध लिंचने केलेले, ते सगळ्यात शेवटी, आणि त्यांच्याकडून चेरीच्या 'पाय'ची चव मागू नये.

काही गोष्टी जुन्या झाल्यात. एक गोरी नटी जपानी व्यापाऱ्याच्या वेषात फिरते ते आज बघवत नाही. मूळनिवासी हवालदार हॉक हुशार दाखवलाय, पण माग काढणारा आणि आत्म्यांच्या गोष्टी सांगणारा एवढ्यातच त्याला बसवलंय.

सिएटलच्या पूर्वेला रेडमंड-बेलव्ह्यू भागात बरीच मराठी कुटुंबं आहेत आणि भारतातून आईवडील आले की स्नोक्वाल्मी धबधबा ठरलेला असतो. मालिकेच्या नामावलीत जो धबधबा कोसळतो तो हाच, 268 फुटांचा, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. कड्यावरचं हॉटेल बाहेरून मालिकेतलंच, आत लाकडी खांबांचा तो दिवाणखाना शोधू नका, तो दुसरीकडचा. तिथून काही मैलांवर नॉर्थ बेंडला कॅफे आहे. 2000मध्ये तो जळाला, 2015मध्ये नव्या भागांसाठी पुन्हा जुन्या रूपात सजवला. खुनाच्या रात्री लॉरासोबत असलेली रोनेट फाटक्या कपड्यांत चालत येते तो पूल आता पादचाऱ्यांसाठी आहे. वेशीवरची पाटी जिथे उभी केली होती ती जागाही जवळच, मागचा डोंगर बघितला की ओळखते. ज्या ओंडक्याशी लॉरा सापडली तो मात्र खाडीपलीकडे पोल्सबोच्या बाजूला आहे, हॉटेलचा आतला दिवाणखानाही तिथलाच. त्यासाठी सिएटलहून फेरी धरावी लागते. दोन्ही एका दिवसात कोंबायला गेलात तर धबधबा अंधारात बघावा लागेल.